अमोनियाची गळती आणि वाऱ्याची दिशा

पनवेलजवळच्या तळोजा एमआयडीसीत मासळी गोठवणारे कारखाने आहेत. अशा उद्योगांत थंडावा बहुधा अमोनियाचा असतो. उणे 33 अंशांना उकळणारा हा वायू ओझोनला धक्का लावत नाही. धोका गळतीत आहे. हवेच्या दहा लाख भागांत 300 भाग अमोनिया झाला की जिवावर बेतू शकतं. नाकाला तो त्याआधीच झोंबतो, हा इशारा मोलाचा. हवेपेक्षा हलका म्हणून तो वर उडून जाईल, हे गृहीतक मात्र घातक: दाबाखालून सुटलेल्या द्रवाचे थंड तुषार जमिनीलगतच पसरतात. म्हणून जोखीम मोजताना वाऱ्याची दिशा आणि शेजारची वस्ती आधी बघायला हवी. पळायचं ते वाऱ्याला आडवं, नाकातोंडावर ओलं फडकं धरून. साचलेल्या द्रवावर थेट पाणी मारू नये. वाफ आणखी उसळते.