थंडीतली पाखरं

पाखरं तर अंगणात रोजच येतात. ती बघायला मुद्दाम रानात कशाला जायचं? असं कुणीही विचारील. पण शेतात येणारं पाखरू चोर की राखणदार, हे नीट बघितल्याशिवाय कळत नाही. म्हणून पौष महिन्यात एक दिवस आम्ही पनवेलच्या बाजूची शेतं आणि रान हिंडलो.

सकाळी दव पडलं होतं. भात कधीच कापून झालं होतं. त्याच ओलीवर वाल केले होते. वालाला फुलं आली होती. कुंपणाच्या काठीवर एक काळंकुळंत पाखरू बसलं होतं. शेपटी लांब, टोकाला दोन फाटे. हा कोतवाल. आम्ही अर्धा तास त्याच्याकडे बघत राहिलो. झेप घ्यायची, उडता किडा धरायचा, परत त्याच काठीवर यायचं. एवढंच त्याचं काम. त्याला बसायला उंच जागा लागते. म्हणून तर हरभऱ्यात पक्षीथांबे लावा, असं शेतीतले जाणकार सांगतात. उभ्या काठीला वर आडवी काठी बांधली, की झाला थांबा. एकरी 20 पुरेत. पाखरं त्यावर बसून अळ्या टिपतात. औषधाचा खर्च तेवढा कमी होतो.

सगळीच पाखरं भली, असं मात्र नाही. पोपट कणसं कुरतडतो, मुनिया भात टिपते. त्यांना डबा वाजवून हाकलावं. जिवे मारू नये. चीन देशात 1958 साली चिमण्या मारायची मोहीम निघाली. चिमणी दाणे खाते, हे खरं. पण पिल्लांना ती अळ्या-किडे भरवते. चिमण्या गेल्या आणि पिकावर कीड वाढली. दोन वर्षांत मोहीम थांबवावी लागली.

पुढं ओल्या खाचरात परीट चालत होता. त्याला धोबीही म्हणतात. कपडे आपटावेत तशी सारखी शेपटी हलवतो. हा आपल्याकडचा पाहुणा. याची घरटी हिमालयात आणि त्याच्याही पलीकडे. तिकडे बर्फ पडला, किडे मिळेनासे झाले, की तो इकडे येतो. उन्हाळा लागला की परत जातो. मूठभर जीव, पण केवढी मजल! पाखराच्या पायात नंबराचं हलकं कडं घालून सोडतात. तेच पाखरू दुसऱ्या मुलखात सापडलं, की त्याचा प्रवास कळतो. डॉ. सलीम अली यांनी असं पुष्कळ काम केलं. आपल्याच जिल्ह्यात, अलिबागजवळ किहीमला, त्यांनी सुगरणीची घरटी दिवसेंदिवस बसून पाहिली. नर अर्धं घरटं विणतो. मादीला ते पसंत पडलं, तरच पुरं करतो!

दुपारी गोव्याच्या रस्त्यानं शिरढोण ओलांडून कर्नाळ्याला गेलो. हे रान 1968 पासून पाखरांसाठी राखलं आहे. झाडी दाट, त्यामुळे पाखरू दिसण्याआधी ऐकू येतं. तिथं कोतवालाचा भाऊबंद भृंगराज भेटला. शेपटीला दोन लांब तारा, टोकाला पिसांचे झुबके. दुसऱ्या पाखरांच्या हुबेहूब नकला करतो.

परतताना दिवस मावळला. घुबडाच्या जातीला लोक अशुभ समजतात, दगड मारतात. आम्हाला ते पटत नाही. घुबड उंदीर खातं आणि उंदीर आपलं भात खातो. विष खाल्लेला उंदीर घुबडानं खाल्ला, तर तेही मरतं. वाटेत तारेवर पिंगळा बसला होता. हे लहान घुबडच. मान वरखाली करून आमच्याकडे बघत होता. एकदम तो खाली झेपावला आणि पायात काहीतरी धरून आंब्यावर गेला. उंदीर होता की भुंगा, ते अंधारात दिसलं नाही.