मानोलेते
मानोलेते (पूर्ण नाव: मानुएल लाउरेआनो रोद्रिगेस सांचेस, जन्म: ४ जुलै, १९१७, कोर्दोबा, मृत्यू: २९ ऑगस्ट, १९४७, लिनारेस) हा स्पेनमधील विख्यात मातादोर, म्हणजे रिंगणात बैलाशी झुंजून अखेरीस त्याला तलवारीने मारणारा झुंजार होता. त्याचे वडीलही याच पेशात होते. २ जुलै, १९३९ रोजी सेव्हिल येथे त्याला मातादोरचा पूर्ण दर्जा मिळाला. गंभीर मुद्रेने, बैल अगदी अंगालगत आला तरी जागचे न हलणे हे त्याच्या शैलीचे वैशिष्ट्य. कीर्ती आणि धोका दोन्ही त्यातूनच वाढले. २८ ऑगस्ट, १९४७ रोजी लिनारेसच्या रिंगणात इस्लेरो नावाच्या बैलावर तलवारीचा अखेरचा वार करताना बैलाचे शिंग त्याच्या उजव्या मांडीत घुसले. बैल मेला, दुसऱ्या दिवशी पहाटे मानोलेतेचेही निधन झाले. तेव्हा तो अवघ्या ३० वर्षांचा होता.