पेन्शन घेऊ की थांबू?

पंचविशीत पेन्शनचा विचार? बोअरिंग! पण एक मिनिट. कंपनी तुमच्या पीएफमध्ये जो वाटा भरते, त्यातला काही भाग ईपीएस-95 या पेन्शन योजनेत जातो. दहा वर्षं नोकरी भरली की 58व्या वर्षी पेन्शन पक्की. नोकरी सुटली असेल तर पन्नाशीनंतरही मागता येते. फक्त 58ला जितकी वर्षं कमी, तितक्या वेळा 4 टक्के कट. उलट 60पर्यंत थांबलात तर वर्षाला 4 टक्के जास्त.

मग फायद्याचं काय? समजा, 58ला 5,000 रुपये मिळणार आहेत. 57ला घेतली तर 4,800. म्हणजे वर्षभरात 57,600 आधीच खिशात आणि पुढे दरमहा 200चा तोटा. हा हिशेब बरोबरीला यायला 24 वर्षं लागतात! थोडक्यात, वयाची 82 वर्षं पार केलीत तरच थांबणं फळाला येणार. शिवाय ही पेन्शन महागाईबरोबर वाढत नाही.

मग सगळ्यांनी घाईच करायची? तसंही नाही. ‘सरासरी आयुष्य 70’ हा आकडा जन्माच्या वेळचा. त्यात बालमृत्यूही धरलेले असतात. साठी गाठलेल्या माणसापुढे सरासरी आणखी 18 वर्षं असतात आणि कित्येक जण नव्वदीही बघतात. पेन्शनची खरी गरज तेव्हाच असते. तुमच्यामागे जोडीदाराला मिळते ती तुमच्या पेन्शनच्या निम्मी. तुमचा कट तिलाही लागतो. त्यामुळे आपली तब्येत, जोडीदाराचं वय आणि हातातली शिल्लक बघूनच ठरवा.

अर्थात, असं ठरवता येणं हीसुद्धा चैनच. नांदेड जिल्ह्यातलं, सहस्रकुंड धबधब्याजवळचं इस्लापूर घ्या. तिथल्या शेतमजुराला कुठला पीएफ? निराधार असेल तर श्रावणबाळ योजना आहे, पण 65 पूर्ण झाल्यावरच. 2023मध्ये रक्कम 1,000वरून 1,500 झाली, वयाची अट मात्र तीच. उन्हातान्हात राबून साठीतच थकलेल्या माणसाला ‘थोडी कमी द्या, पण आत्ता द्या’ म्हणायची सोय नाही. ज्याला लवकर गरज, त्यालाच जास्त थांबावं लागतं.

तेव्हा दिवाळीला गावी गेलात की एक काम करा. शेजारच्या काका-मावशींच्या वयाचा पुरावा आणि बँक पासबुक नीट आहे ना, बघा. पासष्टी उलटल्यावर कागदांपायी आणखी महिने जायला नकोत!