एक राज्य, एक प्रतिनिधी

मोंटाना हे अमेरिकेच्या वायव्येचे, कॅनडाच्या सीमेला भिडलेले राज्य. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ८१ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ सव्वापट. वस्ती मात्र विरळ, दहा-अकरा लाखांची. १९९३ ते २०२३ या तीस वर्षांत या सबंध राज्यातून अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधीगृहात एकच सदस्य निवडून जात असे. असे राज्यव्यापी मतदारसंघ तिकडे ‘ॲट-लार्ज’ म्हणून ओळखले जातात. मोंटानाचा हा मतदारसंघ आज अस्तित्वात नाही. गंमत अशी, की तो एकदा नव्हे, दोनदा संपला. पहिला अवतार १८८९ ते १९१९, दुसरा १९९३ ते २०२३. दोन्ही वेळा आयुष्य साधारण तीस वर्षांचेच.

मतदारसंघ म्हणजे नकाशावरची एक रेघ, असे आपण समजतो. ती कुठे ओढली यावर कोणाचा आवाज सभागृहात पोहोचतो आणि कोणाचा बाहेर राहतो हे किती अवलंबून असते, ते मोंटानाच्या या इतिहासात स्वच्छ दिसते.

दोन मते आणि एक बाई

मोंटानाला राज्याचा दर्जा १८८९ मध्ये मिळाला आणि थॉमस कार्टर हे त्याचे पहिले प्रतिनिधी झाले. पुढे लोकसंख्या वाढली आणि १९१३ पासून राज्याला दोन जागा मिळाल्या. पण राज्याचे दोन भाग पाडले गेले नाहीत. दोन्ही सदस्य सबंध राज्यानेच निवडायचे, प्रत्येक मतदाराला दोन मते, आणि पहिले दोन उमेदवार विजयी, अशी पद्धत होती.

या पद्धतीने १९१६ मध्ये इतिहास घडवला. मोंटानातील स्त्रियांना १९१४ साली मताधिकार मिळाला होता. त्या लढ्यात पुढे असलेल्या, मिसूला गावाजवळ जन्मलेल्या जॅनेट रँकिन रिपब्लिकन पक्षातर्फे उभ्या राहिल्या. त्या वर्षी अध्यक्षपदासाठी मोंटानाने डेमोक्रॅट विल्सन यांना कौल दिला आणि प्रतिनिधीगृहाच्या निवडणुकीतही डेमोक्रॅट जॉन इव्हान्स पहिले आले. तरी दुसरी जागा रँकिनबाईंनी जिंकली. एक मत आपल्या नेहमीच्या पक्षाला आणि दुसरे या बाईंना, असा मार्ग मतदारांपुढे मोकळा होता. गावोगाव विखुरलेली स्त्रियांची मतेही एकाच पारड्यात पडू शकत होती. अमेरिकेत सर्वत्र स्त्रियांच्या मताधिकाराला घटनेचे संरक्षण मिळायला १९२० साल उजाडावे लागले. त्याच्या चार वर्षे आधीच एक स्त्री संसदेवर निवडून आली होती.

२ एप्रिल १९१७ रोजी त्यांनी शपथ घेतली आणि चारच दिवसांनी जर्मनीविरुद्धच्या युद्धाचा ठराव मतदानाला आला. ठराव ३७३ विरुद्ध ५० मतांनी संमत झाला. त्या पन्नासांत रँकिनबाई होत्या. त्याच वर्षीच्या जूनमध्ये ब्यूट येथील तांब्याच्या खाणीत आग लागून दीडशेहून अधिक कामगार दगावले. त्यानंतरच्या संपात त्यांनी कामगारांची बाजू घेतली. मोंटानाच्या राजकारणावर ॲनाकोंडा या तांबे कंपनीची पकड असण्याचा तो काळ होता. बाईंनी एकाच वर्षात दोन बलाढ्य विरोधक ओढवून घेतले होते.

१९१८ च्या निवडणुकीपूर्वी राज्याच्या विधिमंडळाने मोंटानाचे दोन मतदारसंघ केले, एक पश्चिमेचा आणि एक पूर्वेचा. रँकिनबाईंचे मिसूला पश्चिमेकडे गेले, आणि तिथे जोर डेमोक्रॅटिक पक्षाचा. रेघ कोणत्या हेतूने ओढली गेली हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी परिणाम उघड होता. राज्यभर विखुरलेला त्यांचा पाठिंबा मधोमध कापला गेला. त्यांनी प्रतिनिधीगृहाचा नाद सोडून सिनेटची उमेदवारी मागितली. पक्षांतर्गत निवडणुकीत त्या हरल्या, मग एका छोट्या पक्षातर्फे उभ्या राहिल्या आणि तिसऱ्या आल्या. जुना राज्यव्यापी मतदारसंघ १९१९ मध्ये संपला, आणि त्याबरोबर त्यांची पहिली कारकीर्दही.

पण नकाशा कोणाला कधी साथ देईल याचा नेम नसतो. १९४० मध्ये, साठाव्या वर्षी, त्याच पश्चिम मतदारसंघातून रँकिनबाई पुन्हा निवडून आल्या. ८ डिसेंबर १९४१ रोजी, पर्ल हार्बरच्या दुसऱ्या दिवशी, जपानविरुद्धच्या युद्धाच्या ठरावावर मतदान झाले. बाजूने ३८८, विरुद्ध १. तो एक कोण हे सांगायला नको. मतदानानंतरच्या गदारोळात त्यांना टेलिफोनच्या खोक्यात आसरा घ्यावा लागला. १९४२ ची निवडणूक त्यांनी लढवलीच नाही. त्यांच्या जागी आलेले माइक मॅन्सफील्ड पुढे सिनेटमध्ये गेले आणि तिथले बहुमतवाल्या पक्षाचे सर्वाधिक काळ राहिलेले नेते ठरले. रँकिनबाईंनी मात्र गांधीविचाराच्या ओढीने १९४६ पासून भारताच्या अनेक वाऱ्या केल्या.

वर्गमुळाने गेलेली जागा

पूर्व आणि पश्चिम हे दोन मतदारसंघ पुढे सत्तर वर्षांहून अधिक काळ टिकले. पश्चिमेला डोंगर, खाणी, लाकूडतोड, विद्यापीठ आणि कामगार संघटना. पूर्वेला गव्हाची शेते आणि गुरांची कुरणे. पश्चिमेचा कल बहुधा डेमोक्रॅटिक, पूर्वेचा उत्तरार्धात रिपब्लिकन. दोन स्वभावांची दोन माणसे वॉशिंग्टनला जात.

१९९० च्या जनगणनेने ही व्यवस्था मोडली. प्रतिनिधीगृहाच्या जागा ४३५ वर गोठवलेल्या आहेत. एका राज्याला वाढवून द्यायची तर ती दुसऱ्याकडून काढावी लागते. १९४१ च्या कायद्यानुसार ही वाटणी हंटिंग्टन-हिल नावाच्या गणिती पद्धतीने होते. प्रत्येक राज्याला आधी एक जागा मिळते. मग पुढच्या जागेसाठी प्रत्येक राज्याचा ‘अग्रक्रम’ काढतात. दुसऱ्या जागेसाठी लोकसंख्येला १ गुणिले २ च्या वर्गमुळाने भागायचे, तिसऱ्यासाठी २ गुणिले ३ च्या, असे करत ४३५ जागा संपेपर्यंत.

मोंटानाची लोकसंख्या भरली ८,०३,६५५. देशातील आदर्श मतदारसंघ होता ५,७२,४६६ लोकांचा. एकच जागा दिली तर मोंटानाचा मतदारसंघ आदर्शापेक्षा २,३१,१८९ ने मोठा होतो. दोन दिल्या तर प्रत्येक मतदारसंघ आदर्शापेक्षा १,७०,६३८ ने लहान. वजाबाकी सांगते, की दोन जागा देणे अधिक न्याय्य. भागाकार मात्र उलटे सांगतो. एका जागेत मतदारसंघ आदर्शाच्या १.४० पट होतो. दोन जागांत आदर्श हा मतदारसंघाच्या १.४२ पट होतो. कायद्याने भागाकार निवडला होता. मोंटानाची एक जागा गेली.

राज्य न्यायालयात गेले. तीन न्यायाधीशांच्या पीठाने मोंटानाच्या बाजूने निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो मार्च १९९२ मध्ये एकमताने फिरवला. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांच्या निकालपत्राचे सार असे, की जागा पूर्णांकांतच वाटायच्या असल्याने पूर्ण समता अशक्यच आहे, आणि अनेक अपूर्ण पद्धतींपैकी एक निवडण्याचा अधिकार संसदेला आहे. मोंटानाला हवी असलेली पद्धत मान्य झाली असती, तर वॉशिंग्टन राज्याची एक जागा गेली असती.

मग त्याच वर्षी पश्चिमेचे विद्यमान सदस्य पॅट विल्यम्स आणि पूर्वेचे रॉन मार्लेनी एका जागेसाठी समोरासमोर उभे ठाकले. थोड्या फरकाने विल्यम्स जिंकले. १९९७ मध्ये ते निवृत्त झाले. त्यानंतर रिक हिल, डेनी रेबर्ग, स्टीव्ह डेन्स, रायन झिंकी, ग्रेग जियानफोर्टे आणि मॅट रोझेंडेल असे ओळीने सहाही रिपब्लिकन आले. पश्चिमेच्या डेमोक्रॅट मतदारांना या सभागृहात पुन्हा आपला माणूस दिसला नाही. २०१० मध्ये हा मतदारसंघ ९,८९,४१५ लोकांचा होता, देशात सर्वांत मोठा. त्याच वेळी चिमुकल्या ऱ्होड आयलंडला दोन जागा होत्या, प्रत्येकी सुमारे सव्वापाच लाखांवर. म्हणजे तिथल्या एका मताचे वजन मोंटानातल्या मताच्या जवळजवळ दुप्पट.

२०२० च्या जनगणनेत मोंटाना दहा लाख ८४ हजारांवर पोहोचले आणि दुसरी जागा परत मिळाली. पाच सदस्यांच्या आयोगाने पुन्हा पूर्व-पश्चिम रेघ ओढली. राज्यव्यापी मतदारसंघ जानेवारी २०२३ मध्ये संपला. २०२२ च्या निवडणुकीत दोन्ही जागा रिपब्लिकनांनीच जिंकल्या, पण पश्चिमेत झिंकी यांना घाम गाळावा लागला. काल सर्वांत मोठा मतदारसंघ असलेले राज्य आज दरडोई सर्वाधिक प्रतिनिधित्व असलेले राज्य झाले आहे.

आपल्या नकाशावर

हा हिशेब आपल्याला परका नाही. नाथ पै आणि मधु दंडवते यांना लोकसभेत पाठवणारा राजापूर मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत नाहीसा झाला. राज्याराज्यांतील लोकसभेच्या जागांची वाटणी तर १९७६ मध्ये, १९७१ च्या जनगणनेवर गोठवली गेली, आणि २००१ च्या घटनादुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबवली. लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांच्या जागा घटू नयेत हे त्यामागचे कारण. पण गोठवणे हेही एक सूत्र निवडणेच आहे, आणि त्यातही कोणाच्या तरी मताचे वजन घटते.

मोंटानाने जे पाहिले ते इतकेच : वजाबाकी करायची की भागाकार, याचे उत्तर गणित देत नाही. ते आपणच ठरवायचे असते, आणि ते ठरवताना ज्याचा आवाज कापला जाणार आहे तो माणूस खोलीत असावा लागतो.