टाकीतलं अडीच किलो गंधक

तीनशे लिटरची टाकी काठोकाठ भरलेला ट्रक घ्या. आत साधारण २५० किलो डिझेल. १९९५च्या सुमारास आपल्याकडच्या डिझेलमध्ये वजनाच्या एक टक्क्यापर्यंत गंधक चालत असे, म्हणजे या एका टाकीत अडीच किलो! १ एप्रिल २०२०पासून देशभर बीएस-६ डिझेल आलं आणि मर्यादा झाली १० पीपीएम, दहा लाख भागांत दहा. आता त्याच टाकीत जास्तीत जास्त अडीच ग्रॅम. हजारावा हिस्सा.

गंधक जळलं की त्याचा काही भाग सल्फेटचे अतिसूक्ष्म कण होऊन छातीत उतरतो. त्याहून मोठं नुकसान म्हणजे काजळी अडवणारी गाळणी आणि तिच्या जोडीचा उत्प्रेरक गंधकाने निकामी होतात. इंधन स्वच्छ झालं तेव्हाच गाळणी बसवणं शक्य झालं, आणि डिझेल मोटारीला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम कणांची मुभा होती ती साडेचारवर आली.

साडेचार मिलिग्रॅम क्षुल्लक वाटतात. पण बीएस-६ने कण मोजायलाही लावले, आणि ती मर्यादा आहे किलोमीटरमागे ६० हजार कोटी कण. साडेचौऱ्याण्णव किलोमीटरच्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर एका मोटारीला ५६ लाख कोटींहून अधिक कण सोडायची परवानगी, तीही गाळणी असताना! दहा मायक्रॉनच्या एका कणाच्या वजनात एक दशांश मायक्रॉनचे दहा लाख कण मावतात, आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग शंभरपट भरतो. याच पृष्ठभागाला बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक रसायनं चिकटतात. त्यांच्या कुळातल्या बहुचक्रीय ॲरोमॅटिक घटकांचं डिझेलमधलं कमाल प्रमाण बीएस-६ने ११वरून ८ टक्क्यांवर आणलं. मला ही घट फारच तोकडी वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२मध्ये डिझेलचा धूर तंबाखू आणि ॲस्बेस्टॉसच्या पंक्तीला, पहिल्या गटात बसवला आहे.

जुन्या ट्रकांत नवं डिझेल पडतं, पण गाळणीच नसल्याने काजळी बाहेर येतच राहते. ते ट्रक लवकर मोडीत निघायला हवेत.

आणि समुद्राचं काय? न्हावा शेवाला कंटेनर न्यायला आलेल्या ट्रकाच्या डिझेलला मर्यादा १० पीपीएम. तो कंटेनर आणणाऱ्या जहाजाच्या इंधनाला, २०२०च्या जागतिक नियमानंतरही, ५,०००. पाचशेपट! बंदराजवळ राहणाऱ्यांसाठी तरी ही तफावत मिटवायलाच हवी.