उत्तरेकडील वणवे

कॅनडातील सूचिपर्णी अरण्यांना वणवा नवा नाही. तेथील जॅक पाइनची शंकुफळे तर बहुधा आगीची धग लागल्यावरच उमलतात व बी सांडतात. मग चिंता कशाची? ती आगीच्या खोलीची. थंडीमुळे तेथे पालापाचोळा व शेवाळ लवकर कुजत नाही. शतकानुशतके त्यांचा जाड थर साचतो. हवा तापली की ती अधिक ओलावा शोषते, थर वाळतो आणि आग जमिनीत उतरते. कधी बर्फाखालीही हिवाळाभर धुमसते. २०२३ साली कॅनडात सुमारे १.५ कोटी हेक्टर प्रदेश जळला. झाडे पुन्हा उगवतीलही. पण थरातला जुना कर्ब हवेत गेला की हवा आणखी तापते. म्हणून नुसते वणवे विझवून भागणार नाही. कोळसा व तेल जाळणे साऱ्या जगानेच आवरले पाहिजे.