मंडईचा मुलूख

झाडीपट्टीत भाऊबीजेला दिवाळी संपत नाही, मंडया सुरू होतात. गोंदिया जिल्ह्यात आज या गावची मंडई, उद्या पलीकडच्या. दिवसा दुकाने, मिठाई, गोवाऱ्यांचा नाच, दंडार, रात्री नाटक. लेकी माहेरी येतात, घरोघरी पाहुणे उतरतात आणि सोयरिकीची बोलणी याच गर्दीत निघतात. मंडईला निव्वळ करमणूक समजणाऱ्यांना या मुलखाची घडण कळलेली नाही, असे मला वाटते.

ती घडण समजायला चीनमधील एक अभ्यास उपयोगी पडतो. जी. विल्यम स्किनर हे अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ 1949-50 मध्ये सिचुआन प्रांतातल्या एका बाजारगावाजवळ राहिले. 1964-65 मध्ये तीन भागांत छापलेल्या त्यांच्या लेखाचे म्हणणे असे, की शेतकऱ्याचे जग गावाच्या शिवेवर संपत नाही. ते बाजाराच्या घेराएवढे असते. साधारण 18 गावे आणि 1500 कुटुंबे मिळून असा एक घेर. सोयरीक, उसनवार, देवस्थान, भांडणाचा निवाडा, सारे त्यात. दक्षिण चीनमध्ये तर बाजार चांद्र तिथींवर भरत: एका गावात 1-4-7, शेजारी 2-5-8, तिसऱ्या गावात 3-6-9. फिरता व्यापारी आणि कारागीर या क्रमानेच गावे करी.

आपल्याकडे तिथीऐवजी वार असतो. आमगाव, देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या भागांत आठवडी बाजाराला नुसते भाजीपाल्यासाठी कोणी जात नाही. जंगलाकडून मोहफुले आणि चारोळी येते, मालगुजारी तलावांतून मासळी आणि शिंगाडे, बुरडांकडून सुपे आणि टोपल्या. रोवणीला बाया कुठे मिळतील, बैलजोडी कोणाची विकायची आहे, कोणाच्या घरी काय झाले, हेही तिथेच कळते. नवेगाव बांधसारखे तलाव कोहळ्यांनी बांधले, त्यांत मासेमारी ढिवरांनी केली, भातखाचरांत पोवार आणि कुणबी राबले, जंगलाचा माल गोंड-हलबांनी आणला. वेगवेगळ्या कसबांची ही माणसे आठवड्यातून एकदा समोरासमोर यायची ती बाजारात.

या घेरांवर मालकी कोणाची, याचाही इतिहास आहे. गोंदियाजवळचे कामठा हे जुन्या जमीनदारीचे ठाणे. 1818 मध्ये अप्पासाहेब भोसल्यांच्या बाजूने इंग्रजांविरुद्ध उठलेला चिमणा पटेल तिथलाच. पुढे 1880 च्या दशकात नागपूर-छत्तीसगड रेल्वे आली, 1887 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर कंपनीने ती घेतली, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत जबलपूर आणि नागभीडकडे छोट्या रुळांचे फाटे निघाले. धान, लाख, तेंदूपाने गोंदियाकडे वाहू लागली. व्यापाराचे केंद्र गढीकडून स्टेशनाकडे सरकले, भातगिरण्या उभ्या राहिल्या.

बाजारातला मालगुजाराचा, म्हणजे गावाचा सारा भरणाऱ्या मालकाचा, हक्क मात्र टिकून होता. तो गेला 1950 च्या मध्य प्रदेश मालकी हक्क निर्मूलन कायद्याने. तेव्हा हा भाग मध्य प्रदेशातच होता. जमिनी, तलाव, झाडे यांच्या जोडीने हाट, बाजार आणि मेळे सरकारकडे गेल्याचे त्या कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. जत्रा-बाजारावरचा खाजगी हक्क संपवणे तलावाइतकेच महत्त्वाचे वाटावे, यातच त्यांचे वजन दिसते. आता बाजारकराच्या वसुलीचा लिलाव ग्रामपंचायत करते. पावती फाडणारा बदलला, बाजाराचा वार सहसा बदलला नाही.

आपल्या इतिहासलेखनाने मात्र गाव, तालुका, जिल्हा एवढेच घटक मानले. गोंदिया भंडारा जिल्ह्यात होते तेव्हाच्या, 1908 च्या भंडारा गॅझेटियरपासून पुढची कागदपत्रे याच चौकटीत आहेत. कोणत्या गावची सून कोणत्या बाजारच्या घेरातून आली, हे त्यांत सापडत नाही. मंडयांच्या वेळापत्रकात ते सापडू शकते. शेजारची गावे आपापला दिवस सहसा एकमेकांना सांभाळून धरतात, कारण पाहुणे तेच, दुकानदारही तेच. कोणत्या गावांनी एकमेकांचे दिवस सोडले, हे नकाशावर मांडले तर झाडीपट्टीतले जुने घेर आपोआप उमटतील. हे काम इथल्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी हाती घ्यावे. गावोगावच्या म्हाताऱ्यांना आपल्या मंडईचा ठरलेला दिवस अजून तोंडपाठ आहे, आणि यंदाच्या मंडया आता सुरू होतीलच.